शनिवारचा नसलेला उपास

माझं नाव शोभा. गाव मनाल तर नांदेड जिल्ह्यात पार खाली, जिथून पुढं तेलंगाणा लागतो तिथलं, पण त्या गावात मी राहिले किती, चार-पाच वर्षाची व्हईस्तोवर, मंग बाबा आमाला घेऊन हैद्राबादला आले, अफझलगंजच्या बाजारात किराण्याच्या गोदामात त्यांना काम लागलं व्हतं. घरात मराठी, गल्लीत उर्दू, शाळेत तेलुगू, तवा माझं बोलणं आसं खिचडी हाय, तुमी पुस्तकवाले लोक हायत, लिहिताना हसू नका मंजे झालं. आन् हसलात तरी हसा, मला काय, मी सोता हसते कवा कवा.

लहानपणी मी लई खादाड व्हते, खोटं नाई सांगत. शेजारी खाला राहायच्या, त्या ईदला वाटीभर शिरखुर्मा आणून द्यायच्या आन् आमच्या आईच्या हातची जवसाची चटणी मागून न्यायच्या, आन् बाबा बघत बसायचे, त्यांच्या डोळ्यात पाणी यायचं. गावात आमच्या हातचं कोण खाणार, ताई, तिथं चहाचा कपसुद्धा येगळा, वळचणीला खोचून ठेवलेला, आपला आपण काढायचा, आपला आपण धुवून ठेवायचा. बाबा मनायचे, पोरींनो, कोणी मायेनं ताटात वाढलं तर नाई मनायचं नाई, आपल्याला लोक लई वर्षं नाई मनले, ते कसं लागतं ते आपल्याला ठाऊक हाय. तर मी कुठंच नाई मनले नाई. कुणाच्या घरी काय वाढलं की पान चाटून पुसून साफ. लग्न झालं, हैद्राबादच्याच दुसऱ्या टोकाला कुकटपल्लीला आले, आमचे ह्ये एका बँकेत शिपाई, मी शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात चेकिंगला लागले, गुंडी नीट हाय का, शिलाई उसवली का ते बगायचं, दिवसभर बसून, आन् डब्यात तीन भाकरी, तीन! सासूबाई मनायच्या, सून हाय का बैल.

आन् त्याच पोटानं मला आसं दाखवलं, काय सांगू तुमाला.

आमचा पोरगा अमोल शाळेत जायला लागला त्या सुमाराला सुरू झालं. आधी आव पडायली, मंग रक्त. कुणाला सांगावं? बाईमाणसानं हे कुणाला सांगावं? मूळव्याध आसंल मनून मी कोठी बाजारातल्या एका वैद्याच्या पुड्या खाल्ल्या वरीसभर, इसबगोल खाल्लं, ताक पिले, सुरण खाल्लं, आन् इकडं मी वाळत चालले. कारखान्यात सारखं उठून जावं लागायचं. आमची सुपरवायझर तेलुगू बाई व्हती, ती मनायची, मळ्ळी ना अम्मा, परत का? मी मनायची, हौ अम्मा, परत. शरमेनं मान खाली. मशिनीवरच्या पोरी मागून हसायच्या. एक दिवस तिथंच चक्कर येऊन पडले, कपडे भरले, तवा त्याच सुपरवायझर बाईनं मला मांडीवर घेतलं, आपली शाल गुंडाळली आन् रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. हसणाऱ्या पोरींनी वर्गणी काढून फळं आणली. माणसं वाईट नसतात हो, त्यांना ठाऊक नसतं. हे मला तवाच कळायला पायजे व्हतं.

तिथं दुर्बीण घालून तपासलं. मोठ्या आतड्याला आतून जखमा हायत मनले, आपलंच रक्त आपल्याच आतड्याशी भांडतंय, हे बरं व्हणार नाई, हे सांभाळायचं. सांभाळायचं! लेकरू हाय का ते? गोळ्या चालू झाल्या, मधून मधून जास्त झालं की स्टिरॉइड, मंग तोंड सुजून पुरीवाणी, लोक मनायचे शोभाबाईची तब्येत सुधरली. मी शिकले. मसाला सोडला, कच्चं सोडलं, ज्वारीची भाकरी सोडली, आता मराठवाड्याच्या बाईनं भाकरी सोडली मंजे काय राहिलं सांगा. बाहेर जायचं आसंल तर त्या दिवशी सकाळपासून पोटात काही घालायचं नाई. हा आमचा सगळ्या आतड्याच्या पेशंट लोकांचा नेम, पोट रिकामं तर रस्त्यात भीती नाई. बसमधी बसले की माझी नजर दुकानाच्या पाट्यांवर नसायची, कुठल्या वळणाला बाथरूम हाय तिकडं आसायची.

आसं निघालं व्हतं गाडं. मंग अमोल कॉलेजात गेला तवा दुसरंच सुरू झालं. दोन घास खाल्ले की पोट ढोलावाणी टम्म. सकाळी उलटी व्हायची आन् त्याच्यात रातचा भात, जसाच्या तसा, शीत न् शीत मोजून घ्या. मी आमच्या ह्यांना दाखवलं, ह्ये तोंड फिरवून मनले, आता हे बी दाखवतीस का. सगळे मनले आतड्याच्या गोळ्यांनी झालं आसंल, ॲसिडिटी आसंल, टेन्शन आसंल. टेन्शन हा शब्द लई सोयीचा हाय डॉक्टरला, बाई दिसली की टेन्शन. शेजारीण मनली नजर लागली, उतारा टाका. मी मनले, आमी विहारात जाणारी माणसं, आमच्यात उतारे-फितारे नाईत. खरं सांगू, एकदा तर वाटलं टाकावा, कोण बगतंय.

शेवटी एक म्हातारे डॉक्टर भेटले, त्यांनी ऐकून घेतलं. नुसतं ऐकून घेतलं, त्यालाच मला रडू आलं. त्यांनी एक तपासणी सांगितली, इडलीत कसलं तरी औषध घालून खायला देतात आन् मंग मशिनीपुढं उभं करून थोड्या थोड्या वेळानं फोटो काढतात, इडली पोटातून पुढं सरकती का ते बगायला. तर माझी इडली हालेचना! सकाळी खाल्लेली, दुपार झाली तरी तिथंच बसलेली, सरकारी हाफिसातल्या फायलीवाणी. डॉक्टर मनले, तुमचं जठर सुस्त पडलंय, ते दळत नाई, पुढं ढकलत नाई, हे कमी लोकांना असतं, आन् वरून तुमाला आतड्याचंबी हाय. मंजे आसं बगा ताई, वरचं दार उघडत नाई आन् खालचं दार लागत नाई. हसा, हसा, मीबी हसले तवा. पण एकाचं औषध घ्यावं तर दुसरं बिघडायचं. जठर हालवायची गोळी घेतली की खाली कळा. आतडं शांत करायची घेतली की वरचं आणखीच झोपायचं. आगीतून फुफाट्यात आन् फुफाट्यातून परत आगीत.

मंग परत शिकले. सगळं मऊ, सगळं पातळ, सगळं गाळून. इथं तेलंगाणात रागीची जावा करतात, नाचणीची पेज मना, ती ताक न घालता, मिठाची, कोमट, दिवसभरात वाटी-वाटी. तूप नाई, तेल नाई, तेलाचा घास गेला मंजे दगड, दुसऱ्या दिवशी वरच येणार. पाणीसुद्धा गटागटा नाई, चमच्यानं घोट-घोट. उन्हाळ्यात हैद्राबादचं ऊन, तहान लागलेली आन् मी चमच्यानं पाणी पिऊलाले, डोळ्यापुढं आणा. आसं करत करत मी नौकरी केली, घर केलं, पोराला इंजिनेर केलं. त्याचं वाईट नाई वाटत मला. दुखणं आपल्या पदरी पडलं ते पडलं. वाईट वाटतं ते येगळ्या गोष्टीचं, तीच सांगायला तर बसले.

हे सगळं आमी झाकून ठेवलं व्हतं. घरातल्या घरात. माझी नणंद कमलवन्स, इथंच राहती, लई खमकी, माझ्यावर जीव हाय तिचा, उगी खोटं कशाला बोलू. ती मनायची, वयनी, झाकली मूठ सव्वा लाखाची, अमोलचं लग्न व्हायचंय, पोटाचं दुखणं मनल्यावर लोक मनतील वंशात हाय, पोराला व्हईल, नातवाला व्हईल, कोण देईल पोरगी? आन् आपल्या लोकांत तर ही रीतच हाय की, लग्न ठरेस्तोवर कुणाचा दमा दिसत नाई, कुणाची साखर दिसत नाई, सगळे ठणठणीत. मला पटायचं नाई पण मी गप. सगळ्यांच्या लग्नाकार्यात जायचे, ताटावर बसायचे, भात इकडून तिकडं सारायचे, शेजारचीच्या पानात लाडू टाकायचे. बायका मनायच्या, शोभाबाईला लई गर्व आला, पोरगा इंजिनेर झाला ना.

मंग केतकी आली.

अमोलच्या हाफिसातली. पुण्याची माणसं, ब्राह्मण, पण धा-बारा वर्षं झाली इथंच कुकटपल्लीत फ्लॅट घेऊन राहतात, वडीलबी कंप्युटरमधलेच. पोरगी काय सांगू तुमाला, सरळ. पहिल्यांदा घरी आली तवा चपला काढून थेट माह्या सैपाकघरात येऊन खाली बसली, मनली काकू, अमोल सांगतो तुम्ही जवसाची चटणी फार छान करता, मला खायचीय. माझे बाबा आठवले मला. मी चटणी आन् भाकरी दिली, तिनं बोटं चाटली. माह्या दुखण्याचं तिला ठाऊक नव्हतं. अमोलला मी आन् त्याच्या आत्यानं, कमलवन्सनं, शपथ घातली व्हती, आमी सांगू लग्न ठरल्यावर, तू मधी बोलू नको. पोरगं ऐकणारं, त्यानं ऐकलं. न ऐकणारं असतं तर बरं झालं असतं.

तिच्या घरून आधी नको नको चाललं व्हतं. सहा-आठ महिने बाप बोलत नव्हता तिच्याशी. मंग तिच्या आईनंच कसं काय वळवलं कुणास ठाऊक, आन् फोन आला, शनिवारी जेवायलाच या सगळे. चहाला नाई, जेवायला! आमच्या ह्यांनी नवा शर्ट घेतला. मोठे हरखले व्हते ह्ये, दोनदा मला मनले, जेवायला बोलावलंय बरं का. त्या मनण्यात काय काय व्हतं ते तुमाला सांगावं लागंल का? आमच्या ह्यांच्या आईनं दुसऱ्याच्या वट्याखाली उभं राहून वरून ओतलेलं पाणी ओंजळीत पिलेलं व्हतं.

आन् माझं आतडं नेमकं त्याच हप्त्यात उसळलं. स्टिरॉइड कमी करत आणलं व्हतं तवाच. मी मनले, मी नाई येत, ताप आलाय मना. कमलवन्स मनली, पोराची आई आली नाई तर काय मनतील, चल, बस नुसती, मी हाय ना. मंग मी सकाळपासून काही घेतलं नाई, पाणीसुद्धा नाई, गोळी तेवढी चमचाभर पाण्यासंगं.

काय घर सजवलं व्हतं त्या बाईनं! केतकीच्या आईनं सोता रांगोळी काढलेली, ताटाभोवतीसुद्धा. मसालेभात, अळूची भाजी, पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबिरी दोन, श्रीखंड घरी चक्का टांगून केलेलं. बाई सकाळी पाचपासून उभी आसंल. आन् वाढायला बाई नाई, नौकर नाई, सोता कंबरेला पदर खोचून वाढायली, सगळ्यात आधी माह्या ताटाशी आली, मसालेभाताचा डाव घेऊन, आन् मनली, पहिल्यांदा येताय आमच्याकडे, पोटभर जेवायचं हं, संकोच नाही करायचा. मला त्या मसाल्याच्या वासानं आतून ढवळून आलं. मी तोंड उघडायच्या आत कमलवन्स मनली, आमच्या वयनीला उपास हाय आज, शनिवारचा.

ताई, आमच्या घरात कसला शनिवार आन् कसला मारुती? आन् आत्ताच, पाच मिन्टं आधी, अमोल त्या केतकीच्या वडलांना मोठ्या अभिमानानं सांगत व्हता, आमच्याकडे उपासतापास, नवस-सायास काही नाही, आजोबांपासून सगळं बंद. केतकी माह्याकडं बगायली. तिचे वडील हळूच मनले, तुमच्याकडे उपास असतात होय? कमलवन्स मनली, वयनीचा आपला खाजगी हाय. खाजगी! तोंडात मारावी वाटली मला तिच्या. आन् ती पदराआडून माह्या गुडघ्याला चिमटा काढायली, बोलू नको मनून.

आता ती बिचारी केतकीची आई. दुसरी आसती तर बरं मनून सोडून दिलं आसतं. ती मनली, अगंबाई, आधी कळवायचं नाही का, थांबा, आत्ता करते. आन् पळत आत गेली, आन् सगळे हात आवरून बसले, ताटं वाढलेली, पुऱ्या गार व्हऊलाल्या, आन् ती आत माह्यासाठी भगर शिजवायली, शेंगदाण्याची आमटी करायली, वरून तूप. मी दोनदा मनले नको हो, ती मनली असं कसं. मंग माह्या पोटात कळ आली आन् मी उठले, बाथरूमला गेले, आले, परत गेले. कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर आसं उठणं, ते दार, तो आवाज, नळ सोडून ठेवायचा, काय सांगू. मी आत भिंतीला टेकून रडले. बाहेर आले तर माह्या ताटात वाफाळलेली भगर आन् वर तुपाची धार, आन् ती माउली माह्याजवळच उभी, पाण्याचा गिलास हातात.

मी घास उचलला. खरंच उचलला. पण हात तोंडापासून माघारी आला, कारण मला ठाऊक व्हतं, हा गेला की सगळ्यांच्या पुढं बाहेर येणार, त्या रांगोळीवर. तिनं पाणी पुढं केलं. मनली, निदान पाणी तरी घ्या. आन् मी मनले, नको. बाबा तिकडं वर आसतील तर त्यांनी डोळे मिटून घेतले आसतील. मी एका शब्दात सांगू शकत व्हते, मला आजार हाय मनून, दोन घास उतरत नाईत मनून. सांगितलं नाई. गुडघ्याला चिमटा व्हता मनून नाई, माह्या तोंडालाच कुलूप बसलं व्हतं इतक्या वर्षांचं.

तिनं गिलास खाली ठेवला, डोळे भरले. आन् तिचा नवरा मनला, आम्ही सगळं मागे टाकून तुम्हाला बोलावलं, तुम्हाला मात्र आमच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही. आता हे ऐकून आमचे ह्ये गप बसतील का? ह्ये ताडकन उठले, मनले, पाण्याचं तुमी आमाला शिकवू नका, पाणी कुणी कुणाला दिलं नाई ते सगळ्या दुनयेला ठाऊक हाय. झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दोघांनीबी. अमोल आन् केतकी दोघं दोन टोकाला उभे. श्रीखंडाला कुणाचं बोट लागलं नाई.

तुमी मनाल, मंग नंतर सांगायचं. सांगितलं की! त्याच दिवशी संध्याकाळी अमोलनं केतकीला सगळं सांगितलं, जठर, आतडं, सगळं. केतकी रडली मनं, मनली मला आधी का नाही सांगितलंस, मी आईला पेज करायला सांगितली असती. तिनं घरी सांगितलं. तर तिचे वडील मनले, म्हणजे उपास खोटा होता, मग आजार लपवला, आणखी काय काय लपवलंय? बरोबरच बोलले. आन् इकडं आमचे ह्ये मनायले, आधी पाण्याचा शब्द त्यांनी माघारी घ्यावा. ते मनायले, आधी खोटं बोलल्याची माफी मागा. केतकी-अमोल दोघं निरोप पोचवून पोचवून थकले. पोरं आधी आमच्यासाठी भांडली, मंग आपसात भांडली. तुझे बाबा आन् माझे बाबा. वरीस नाई झालं तर केतकीनं पुण्याच्या हाफिसात बदली करून घेतली. जाताना मला भेटायला आली नाई. येणार कशी?

मला राहवेना. मी एकदा एकटीच गेले त्यांच्या घरी, कुणाला न सांगता. बसनी, उपाशीच, माह्या नेमानं. केतकीच्या आईनं दार उघडलं, एकटीच व्हती. मी मनले, मला पाणी द्या. तिनं आणलं. मी मनले, चमचाबी द्या. आन् तिच्यासमोर बसून मी ते पाणी चमच्या-चमच्यानं पिले, अर्धा गिलास, लई येळ लागला, ती बगत बसली, आन् पिता पिता मी तिला सगळं सांगितलं, रक्तापासून इडलीपर्यंत. ती रडली. मनली, मला वाटलं माझ्याच हातून काही चुकलं, मी बोलावताना काही बोलून गेले, की माझ्या वागण्यात तुम्हाला उपकार दिसले, किती रात्री मी तेच उकरत बसले. मी मनले, आता बोला ना तुमच्या यजमानाशी, मी आमच्या ह्यांना वळवते, पायजे तर मी माफी मागते, सगळ्यांच्या पुढं मागते. तर ती मनली, शोभाताई, केतकीचा मागच्याच आठवड्यात साखरपुडा झाला.

मी चमचा ठेवला. मी मनले, चांगलं झालं. येताना तिनं मला बसथांब्यापर्यंत पोचवलं, माझा हात धरून, मी पडंल मनून.

आता कमलवन्स रोज रडती. मनती, वयनी, माह्यामुळं झालं. मी मनते, गप बस, तुह्या एकटीमुळं काऊन, आपल्या सगळ्यांच्यामुळं झालं. तिनं आता दुसरीच तऱ्हा लावलीय, अमोलसाठी कुठलं स्थळ आलं की फोनवर पहिल्याच वाक्यात, आमच्या वयनीला जठराचा आन् आतड्याचा आजार हाय बरं का, ती तुमच्याकडं जेवणार नाई. समोरचे घाबरून फोन ठेवतात. मला हसू येतं. पण काई जण नाई ठेवत, एक बाई तर मनली, माह्या सासूलाबी आतड्याचंच हाय, कुठल्या डॉक्टरला दाखवता? दहा मिन्टं आमी गोळ्यांचंच बोललो. आन् अमोल मनतो, आत्या, आता कुणाला काही सांगू नको, मला लग्न नाही करायचं. रागानं नाई मनत. रागानं मनला आसता तर मी भांडले आसते.

केतकीच्या आईचा फोन येतो मला. आमच्या ह्यांना ठाऊक हाय, त्यांच्या यजमानालाबी आसंल, कोणी काही बोलत नाई. ती इचारती, आज काय उतरलं पोटात? मी सांगते, जावा उतरली, भात नाई उतरला. ती तिच्या गुडघ्याचं सांगती. पोरांचं आमी काढत नाई, दोघीबी. काढून काय करायचं?

पण मागच्या रविवारी तिनं काढलं. आधी इकडचं तिकडचं बोलली, मंग अडखळली, मनली, शोभाताई, तुम्हाला कसं विचारू, दुसरं कुणी सुचलं नाही मला, केतकीला दिवस गेलेत, तिसरा महिना, पण पोटात काही म्हणजे काही ठरत नाही, पाणीसुद्धा उलटतं, डॉक्टरचं औषध चालू आहे तरी, तुम्ही काय करता, काय ठरतं पोटात, ते सांगाल का मला? अमोल तिथंच खुर्चीत बसलेला, फोन लाऊडवर, मला कानाला धरून हात दुखतो मनून. त्यानं सगळं ऐकलं. मी त्याच्याकडं बघितलंच नाई. मी सांगत गेले, डॉक्टर मनतात तसंच करा, पण हेबी करून बगा, जावा पातळ करा, गाळून घ्या, कोमट नको, तिला गारच द्या, वास येत नाई गार झाल्यावर, चमच्यानं द्या, दर घोटाला थांबा, पडून राहू देऊ नका लगेच, आन् बळंच खा मनू नका, कुणीच मनू नका. ती लिहून घेत व्हती, मनायची, हं, हं, पुढे. मी मनले, सुखरूप व्हऊ दे मना, बाळ-बाळंतीण दोघं, माझा आशीर्वाद सांगा, सांगा मंजे, नका सांगू पायजे तर, पण आशीर्वाद हाय माझा.

तवा अमोल खुर्चीतून मनला, हळूच, आई, लिंबू सांग. तिला मळमळलं की ती लिंबू हुंगते, बसमध्ये पण जवळ ठेवायची.

मी फोनमधी सांगितलं, लिंबू जवळ ठेवायला सांगा, हुंगायला. केतकीच्या आईनं अमोलचा आवाज ऐकला व्हता. मंग मनली, सांगते हं.